प्लास्टिकच्या विमान मॉडेलचं रंगकाम: प्रायमरपासून शेवटच्या मॅट थरापर्यंत

विमान जोडून झालं की हात शिवशिवायला लागतात. रंगाची बाटली कधी एकदा उघडतो असं होतं. मलाही बरीच वर्षं तसंच व्हायचं. एकदा १/४८ मापाच्या (म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाएवढ्या) लढाऊ विमानाला मी इनॅमलचा रंग दिला. तीन संध्याकाळी खर्ची पडल्या होत्या, पण रंग नितळ बसला होता. त्यावर लॅकरचा चकचकीत थर मारला आणि दहा मिनिटांत पंखांवरचा रंग दुधावरच्या सायीसारखा आकसला. सगळ्या पाठीवर सुरकुत्या पडल्या. रंग उत्तम होता, एअरब्रश (हवेच्या दाबाने रंगाचा बारीक फवारा मारणारं साधन) उत्तम होता, हातही बसलेला होता. चुकला होता तो फक्त थरांचा क्रम.

तेव्हापासून मी रंगकामाकडे थरांची चळत म्हणून बघतो. प्रत्येक थराला दोन कामं असतात. खालचं झाकायचं, आणि वर येणाऱ्या थराचा थिनर, म्हणजे रंग पातळ करणारा द्रव, सोसायचा. पहिली बाटली उघडण्याआधी ही चळत शेवटपर्यंत ठरवून ठेवली तर निम्म्या चुका होतच नाहीत.

कोणता थिनर कोणाला सोलतो

मॉडेलसाठीच्या रंगांची तीन घराणी आहेत. लॅकर, म्हणजे मिस्टर कलरसारखे रंग. यांचा थिनर सगळ्यात तीव्र, वासही उग्र. पण ते झटपट वाळतात, प्लास्टिकला घट्ट धरतात आणि नंतर घासले तरी सोलत नाहीत. इनॅमल, म्हणजे हंब्रोलचे पारंपरिक डबे. हे व्हाइट स्पिरिटमध्ये पातळ होतात आणि सावकाश वाळतात, म्हणून ब्रशच्या खुणा आपोआप विरून जातात. तिसरं घराणं ॲक्रिलिकचं, आणि त्याचे पुन्हा दोन प्रकार. तामियाचे एक्स आणि एक्सएफ रंग अल्कोहोलवर चालतात. व्हॅलेहोचे रंग पाण्यावर. दोघांवर ॲक्रिलिक असंच लिहिलेलं असतं, पण व्हॅलेहोमध्ये अल्कोहोल किंवा लॅकर थिनर घातलात तर कपात चिकट गोळा तयार होतो आणि एअरब्रश उघडून साफ करण्यात संध्याकाळ जाते. त्याला त्याचाच थिनर द्या.

नियम सोपा आहे: तीव्र थिनरचा थर खाली, सौम्य थिनरचा वर. लॅकरवर ॲक्रिलिक किंवा इनॅमल खुशाल चढवा. इनॅमलवर लॅकर मात्र नको. माझा स्वतःचा ठरलेला क्रम असा: लॅकर प्रायमर (रंगाखालचा पायाचा थर), लॅकर किंवा तामियाचा मुख्य रंग, त्यावर चकचकीत ॲक्रिलिक थर, मग डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं), पुन्हा पातळ चकचकीत थर, त्यावर इनॅमल किंवा ऑइल कलरचा वॉश (चरांत उतरणारा पातळ गडद रंग) आणि शेवटी पाण्यावर चालणारा मॅट थर. व्हाइट स्पिरिट वाळलेल्या ॲक्रिलिकला फारसं काही करत नाही, म्हणून वॉश बिघडला तर तो पुसून टाकता येतो आणि खालचा रंग जागचा हलत नाही. ही सोय ज्या क्रमात नाही, तो क्रम मी वापरत नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. धुळीचा साधा मास्क थिनरची वाफ अडवत नाही. सेंद्रिय वाफांसाठीचे कार्ट्रिज असलेला मास्क लागतो, आणि हवा खोलीबाहेर फेकणारा पंखाही. ॲक्रिलिक वापरतानाही मी मास्क काढत नाही, कारण वास सौम्य असला तरी फवाऱ्याचे कण फुप्फुसात जायचे ते जातातच. आणि लॅकर थिनर पेट घेतो, त्यामुळे आसपास ज्योत नको.

रंगाआधीचं काम

साच्यातून भाग सुटा व्हावा म्हणून वापरलेल्या तेलकट द्रवाचा अंश कधी कधी प्लास्टिकवर राहतो. स्प्रूसकट, म्हणजे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यासकट, सगळे भाग कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने हलक्या ब्रशने धुवा आणि हवेवर वाळू द्या. जोडणी झाल्यावर बोटांचं तेल लागलेलं असतंच, म्हणून प्रायमरच्या आधी आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावलेल्या कापडाने एकदा पुसून घ्या आणि त्यानंतर हातमोजे घालूनच उचला.

विमानाचं धड बंद करण्यापूर्वी कॉकपिट रंगवावा लागतो. इथे मूळ विमान कुठलं हे बघा. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश विमानांत आतून करडट हिरवा असायचा, जर्मन लढाऊ विमानांत १९४१ नंतरच्या काळात आरएलएम ६६ (जर्मन विमान मंत्रालयाचा रंग क्रमांक) हा गडद काळपट करडा, तर मिग-२१सारख्या सोव्हिएत जेटमध्ये डोळ्यांत भरणारा फिरोजी. कॉकपिट लहान आणि अंधारा असतो, म्हणून मूळ छटेपेक्षा थोडा उजळ रंग घ्या. मग गडद वॉश द्या, वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर फिकट रंग घासा, म्हणजे स्विच आणि कडा उठून दिसतात. कॅनॉपी, म्हणजे कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण, बंदच ठेवणार असाल तर यापेक्षा जास्त जीव इथे ओतू नका, तो पुढे लागणार आहे.

सांधे मात्र जीव ओतून करा. धडाच्या पाठीवरून जाणारा सांधा हा मॉडेल आणि खेळणं यांतला फरक आहे. पुट्टी भरा, किंवा मी करतो तसा सायनोअॅक्रिलेट गोंद भरा. गोंद आकसत नाही, पण तासाभरात घासून घ्या, नाहीतर तो प्लास्टिकपेक्षा कठीण होतो आणि पेपर दोन्ही बाजूंचं मऊ प्लास्टिक खात सुटतो. ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात करा, मग ६००, मग १०००. पाणी लावून घासा. पुसल्या गेलेल्या पॅनेल लाइन, म्हणजे पत्र्यांच्या सांध्यांचे बारीक चर, सुई किंवा स्क्रायबरने पुन्हा कोरा. जाड चिकटपट्टी कडेला लावली तर तीच फूटपट्टीचं काम करते.

कॅनॉपीचं मास्किंग

मास्किंग म्हणजे रंग नको तो भाग झाकणं. याला घाई चालत नाही. मास्किंग टेपचा तुकडा काचेच्या सुट्या सपाट तुकड्यावर चिकटवा, कोरं पातं घ्या आणि त्याच्या १ ते २ मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापा. पहिली पट्टी कॅनॉपीच्या चौकटीच्या आतल्या कडेला लावा आणि टोकदार लाकडी काडीने दाबत जा. टेप नीट बसली की तिच्याखालून चौकटीची उंच कड स्पष्ट दिसायला लागते. जिथे ती रेघ धूसर दिसते तिथे हवा राहिली आहे असं समजा. चारही कडा पट्ट्यांनी झाल्या की मधली जागा टेपच्या तुकड्यांनी किंवा मास्किंग द्रवाने भरून टाका. एवढी मोठी गोलाई एकाच तुकड्याने झाकायला गेलात तर टेपला चुण्या पडतात आणि रंग नेमका चुणीतून आत शिरतो.

रंगवताना चौकटीवर आधी कॉकपिटच्या आतला रंग मारा आणि त्यावर बाहेरचा. काच पारदर्शक असल्यामुळे आतून बघितलं तर आधीचाच थर दिसतो, आणि चौकट आतून रंगवल्यासारखी वाटते. दोन मिनिटांचं काम आहे, पण माझ्या मते सगळ्या रंगकामात इतक्या कमी कष्टात इतका खरेपणा दुसरी कुठलीच गोष्ट देत नाही.

चाकांच्या खळग्यांत ओल्या टिश्यूचे बोळे कोंबा. इंजिनाच्या किंवा जेटच्या नळीच्या भोकात काठी घट्ट बसवा, म्हणजे मॉडेलला हात न लावता ते चहूकडून फिरवता येतं.

प्रायमर

प्रायमर रंगाला धरून ठेवतो हे सगळे सांगतात. माझ्या लेखी त्याचं त्याहून मोठं काम चुका दाखवायचं आहे. करड्या प्लास्टिकवर दिसत नसलेली सांध्यातली फट करड्या प्रायमरखाली केसासारखी उमटते. म्हणून पहिला थर शेवटचा समजू नका. मारा, तिरक्या उजेडात बघा, जिथे चर दिसेल तिथे पुन्हा भरा, घासा, पुन्हा मारा. मिस्टर सरफेसर या प्रायमरच्या बाटलीवर १०००, १२००, १५०० असे आकडे असतात. आकडा जितका मोठा तितका कण बारीक. १/७२ मापाला मी १५०० वापरतो. वाळल्यावर २००० नंबरच्या पेपरने हलक्या हाताने पाणी लावून फिरवा. बोट फिरवून बघा, पृष्ठभाग गुळगुळीत लागला पाहिजे. या टप्प्यावर जो खरखरीतपणा राहील, तो पुढे डेकलखाली, वॉशमध्ये आणि मॅट थरातही दिसत राहील.

रंग गडद हवा की फिकट यावरून प्रायमरचा रंग ठरवा. पिवळा आणि लाल हे झाकायला कमजोर रंग. पिवळ्याखाली पांढरा, लालखाली गुलाबी द्या. पांढऱ्याखाली फिकट करडा द्या, आणि तोही एकदम झाकायचा हट्ट नको. चार पातळ थरांनी जे होतं ते एका जाड थराने होत नाही, उलट पॅनेल लाइन भरून जातात.

एअरब्रश हातात घेतल्यावर

विमानासाठी वरून कप असलेला, डबल ॲक्शन, ०.३ मिलिमीटर नोझलचा एअरब्रश पुरेसा आहे. डबल ॲक्शन म्हणजे बटण दाबलं की हवा येते आणि मागे ओढलं की रंग. कॉम्प्रेसरला रेग्युलेटर आणि पाणी अडवणारा फिल्टर हवाच. दमट हवेत नळीत साचलेला पाण्याचा एक थेंब रंगाबरोबर बाहेर आला की अख्खा पंख पुन्हा करावा लागतो.

रंग किती पातळ करायचा याचं उत्तर बाटलीगणिक बदलतं. तामियाला मी १ भाग रंगाला १ ते दीड भाग थिनर घालतो, लॅकरला १ ला २. एअरब्रशसाठीच तयार केलेल्या रंगांना चार थेंब पुरतात. पण आकड्यांपेक्षा खूण महत्त्वाची. कपाच्या भिंतीवर रंग काडीने वर चढवा आणि सोडा. तो दुधासारखा सरसर खाली उतरला आणि मागे पातळ पारदर्शक पडदा राहिला तर बरोबर. भिंतीला जाड लेप चिकटून राहिला तर आणखी थिनर घाला. भिंत लगेच कोरडी दिसली तर रंग घाला.

दाब १५ ते २० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) ठेवा आणि अंतर ८ ते १० सेंटिमीटर. हवा मॉडेलच्या बाहेरच सुरू करा, हात फिरता ठेवून रंग सोडा, आणि दुसऱ्या टोकाला मॉडेलच्या बाहेर गेल्यावरच थांबा. हात मध्येच थांबला की तिथे ओघळ आलाच. पहिला थर नुसत्या धुक्यासारखा, खालचा प्रायमर दिसेल असा. तो धरला की पुढचे थर जरा ओलसर. ओलसर म्हणजे फवारा पडल्यावर क्षणभर चमक दिसते आणि तुमच्या डोळ्यांसमोर विझते, इतकाच.

बिघडलं तर कारण ओळखायला शिका. पृष्ठभाग भुरभुरीत लागला तर कण हवेतच वाळत आहेत. जवळ या किंवा थिनर वाढवा. रंगाला कोळ्याच्या पायांसारखे फाटे फुटले तर रंग फार पातळ आहे, किंवा तुम्ही फार जवळ आहात, किंवा दाब जास्त आहे. फवारा थुंकल्यासारखा तुटक यायला लागला तर एअरब्रशच्या सुईच्या टोकावर वाळलेला रंग साचला आहे. थिनरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने टोक पुसा. ॲक्रिलिकला ही खोड फार, म्हणून रंग वाळण्याचा वेग मंद करणाऱ्या रिटार्डरचे दोन थेंब घाला. आणि कुठलाही नवा रंग आधी टाकाऊ तुकड्यावर मारून बघा. मी प्रत्येक किटचा एक स्प्रू त्यासाठीच प्रायमर मारून ठेवतो.

ब्रशनेही चांगलं काम होतं. रुंद, मऊ, चपटा ब्रश घ्या, रंग थोडा पातळ करा, एकदा फिरवलेल्या जागी ओला असताना पुन्हा जाऊ नका, आणि एक थर आडवा तर पुढचा उभा द्या. तीन-चार थर लागतात.

एकसुरीपणा कसा मोडायचा

एकच रंग सपाट मारला की विमान प्लास्टिकचं दिसतं. यावर दोन प्रचलित उपाय आहेत. एक प्रीशेडिंग: करड्या प्रायमरवर पॅनेल लाइनवरून काळ्या रेघा मारायच्या आणि वरचा रंग इतका पातळ द्यायचा की त्या जेमतेम जाणवतील. दुसरा, सगळं विमान काळ्या प्रायमरने झाकायचं आणि मुख्य रंग अगदी पातळ करून प्रत्येक पॅनेलच्या आत वेड्यावाकड्या ठिपक्यांनी, नागमोडी रेघांनी भरत जायचा. नकाशासारखी नक्षी तयार होते. शेवटी त्याच रंगाचा एक पातळ पडदा सगळ्यावरून फिरवला की नक्षी विरघळते, पण रंगात जिवंत चढउतार राहतो.

मी दुसरी पद्धत वापरतो. प्रीशेडिंगमध्ये हात जरा जड पडला की प्रत्येक पॅनेलची कड सारखी काळवंडते आणि विमान गोधडी शिवल्यासारखं दिसायला लागतं. खऱ्या विमानाचा रंग ऊन-पावसात असा शिस्तीत उडत नाही. तो ठिगळाठिगळांनी विटतो.

मापाचाही विचार करा. मोठ्या वस्तूचा रंग लांबून फिकट दिसतो. खऱ्या विमानाच्या रंगाचा तंतोतंत नमुना १/७२ मॉडेलवर लावला तर तो जड, काळपट भासतो. मी १/७२ साठी मुख्य रंगात दहाव्या हिश्शाच्या आसपास पांढरा किंवा फिकट करडा मिसळतो, १/४८ साठी त्याहून कमी. शुद्ध काळा तर विमानावर जवळजवळ कुठेच वापरत नाही. टायर गडद करडे असतात, काळे नाहीत.

अमेरिकन विमानांच्या रंगांना फेडरल स्टँडर्ड या सरकारी रंगयादीचे पाच आकडी क्रमांक असतात. पहिला आकडा चमक सांगतो: १ म्हणजे चकचकीत, २ म्हणजे अर्धचकचकीत, ३ म्हणजे मॅट. एफ-१६च्या नेहमीच्या करड्या पोशाखात ३६११८, ३६२७० आणि ३६३७५ हे तीन क्रमांक येतात. बाटलीवर क्रमांक दिलेला असेल तर नावापेक्षा त्यावर विश्वास ठेवा.

कॅमोफ्लाज आणि त्याची कड

आधी फिकट रंग, मग गडद. आधी पोट, मग पाठ. ब्रिटिश लढाऊ विमानांचं उदाहरण घ्या. ऑगस्ट १९४१ पासून पाठीवरच्या तपकिरी डार्क अर्थची जागा ओशन ग्रे या करड्याने घेतली. डार्क ग्रीन तोच राहिला आणि पोट मीडियम सी ग्रे झालं. पंखाच्या पुढच्या कडेला पिवळी पट्टी, शेपटीजवळ फिकट स्काय रंगाचा पट्टा. असं विमान करताना पिवळा आणि स्काय सगळ्यात आधी मारून टेपने झाका. मग पोट, मग सगळी पाठ करडी, शेवटी हिरवा.

करडा आणि हिरवा यांच्यामधली कड किती धूसर ठेवायची? इथे गणित करा. खऱ्या विमानावर फवाऱ्याची कड ५ सेंटिमीटर धूसर असेल तर १/७२ मध्ये ती ०.७ मिलिमीटर होते. म्हणजे जवळजवळ रेघच. मुक्त हाताने एअरब्रशने काढलेली ४ मिलिमीटरची धूसर कड या मापाला फार रुंद आहे. चिकट पुट्टीच्या, म्हणजे भिंतीवर कागद लावायला वापरतात तसल्या, २-३ मिलिमीटर जाडीच्या दोऱ्या वळा आणि नक्षीच्या कडेने ठेवा. दोरीच्या आतली जागा टेपने झाका. फवारा कायम पृष्ठभागाला काटकोनात धरा. दोरीच्या गोल पोटाखाली थोडासा रंग शिरतो आणि हवी तेवढीच बारीक धूसर कड मिळते. एअरब्रश तिरका धरलात तर एका बाजूची कड धारदार आणि दुसरीकडची पसरट होते.

धारदार कडांसाठी टेप. लावण्याआधी ती हाताच्या पालथ्या भागावर एकदा चिकटवून काढा, चिकटपणा कमी होतो. कडेवरून आधी खालच्याच रंगाचा पातळ फवारा मारा. टेपखाली जे शिरायचं ते त्याच रंगाचं शिरेल आणि फट बंद होईल. रंग हाताला कोरडा लागला की टेप स्वतःवरच दुमडून, पृष्ठभागाला जवळजवळ टेकवत, सावकाश मागे ओढा.

जून १९४४ मध्ये दोस्त सैन्य फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरलं त्या वेळचे काळे-पांढरे पट्टे करायचे असतील तर आधी सगळा भाग पांढरा करा, मग पांढरे पट्टे झाकून काळा मारा. पाच पट्टे, तीन पांढरे आणि दोन काळे. एक इंजिनाच्या विमानावर प्रत्येक पट्टा १८ इंचांचा होता, म्हणजे १/४८ मध्ये साडेनऊ मिलिमीटर आणि १/७२ मध्ये सहा मिलिमीटरपेक्षा जरासा जास्त. उतरणीच्या आधीच्या एक-दोन दिवसांत जमिनीवरच्या लोकांनी ब्रशने ते घाईघाईत ओढले होते. कडा थोड्या वाकड्या राहिल्या तर त्या सरळ करत बसू नका, तसंच जास्त खरं आहे.

उघडा धातू

रंग न दिलेल्या चंदेरी विमानाला पृष्ठभाग जराही माफ करत नाही. अल्क्लाडसारख्या धातू-लॅकरखाली चकचकीत काळा लागतो आणि तो आरशासारखा हवा. त्यातला धुळीचा एक कणही चांदीतून फोडासारखा वर येतो. दाब कमी, थर अगदी पातळ. वेगवेगळी पॅनेल झाकून किंचित वेगळ्या छटा द्या. आणि इथेही मूळ विमान बघा: पी-५१ मस्टँगच्या पंखांचे सांधे कारखान्यात पुट्टीने भरून त्यावर चंदेरी रंग दिला जायचा. त्यामुळे धड चकचकीत धातूचं आणि पंख मंद चंदेरी, रिव्हेटच्या ओळी न दिसणारे, असा फरक ठेवला की ते मस्टँग वाटतं.

डेकल

मॅट रंग सूक्ष्मदर्शकाखाली खडबडीत असतो. त्यावर डेकल ठेवलं की खड्ड्यांत हवा अडकते आणि पारदर्शक कडा चांदीसारख्या चमकतात. ही चमक नंतर जात नाही. म्हणून आधी चकचकीत वार्निश, दोन-तीन पातळ थर, आणि पूर्ण एक दिवस थांबा.

एक डेकल कापा, भोवतीची जास्तीची पारदर्शक फिल्म जमेल तितकी काढा. कोमट पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवा आणि बाहेर ओल्या टिश्यूवर ठेवा. पाण्यातच सुटेपर्यंत ठेवलंत तर गोंद धुऊन जातो. मिनिटभराने बोटाने हलकेच ढकलून बघा. सरकलं की जागेवर मायक्रो सेटसारखा द्रव ब्रशने लावा, कागद जवळ न्या आणि डेकल कागदावरून मॉडेलवर सरकवा. ओल्या ब्रशने जागा ठीक करा. मग टिश्यूचं टोक कडेला टेकवा, पाणी शोषू द्या, आणि मधून कडेकडे सुकी कापसाची काडी फिरवा.

आता मायक्रो सोल. तो डेकल अक्षरशः मऊ करतो. पंखावरच्या मोठ्या गोल चिन्हावर लावल्यावर पाच मिनिटांत ते चिन्ह सुरकुतायला लागतं, वाळलेल्या पानासारखं. इथे छातीत धस्स होतं. हात लावू नका. या क्षणी बोट लागलं तर डेकल फाटतं. खोलीबाहेर जा. तासाभराने आलात की सुरकुत्या आपोआप सपाट झालेल्या असतात आणि पांढऱ्या वर्तुळातून पॅनेल लाइन आणि रिव्हेटचे ठिपके एकेक करून वर आलेले दिसतात, जणू चिन्ह पंखावरच रंगवलं आहे. हवा राहिली असेल तर बारीक सुईने टोचून पुन्हा एक थेंब द्या. दुसऱ्या दिवशी ओल्या कापडाने गोंदाचे डाग पुसा आणि सगळ्यावर पुन्हा एक पातळ चकचकीत थर द्या.

वॉश आणि मॅट

वॉश म्हणजे पॅनेल लाइनमध्ये उतरणारा पातळ गडद रंग. ऑइल कलर व्हाइट स्पिरिटमध्ये चहाइतका पातळ करा, बारीक ब्रशचं टोक चरावर टेकवा. द्रव आपणहून चरातून धावतो. अर्ध्या तासाने कापसाच्या काडीने हवेच्या प्रवाहाच्या दिशेने, म्हणजे पुढून मागे, पुसा.

काळा वॉश फिकट विमानावर वापरू नका. खऱ्या पॅनेलमधली फट काही मिलिमीटरची असते. १/७२ मध्ये ती केसाहूनही बारीक होते. किटमधले चर आधीच मापापेक्षा रुंद असतात, त्यात काळा भरला की ते ओरडायला लागतात. करड्या विमानाला गडद करडा, हिरव्याला गडद तपकिरी. हलत्या भागांच्या फटीत, म्हणजे एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेचे हलते भाग) आणि रडर (उभ्या शेपटीचा हलता भाग) यांच्या सांध्यांत, मात्र जरा जास्त गडद चालतो.

आणि एक इशारा: इनॅमल वॉश न रंगवलेल्या प्लास्टिकमध्ये साचू देऊ नका. चाकांच्या दांड्यांच्या ताण असलेल्या सांध्यांत तो शिरला की प्लास्टिक ठिसूळ होऊन तडकतं. माझ्या एका विमानाचे दोन्ही पाय असेच एका रात्रीत गेले.

वॉश एक दिवस वाळला की मॅट थर. सगळ्या वेगवेगळ्या चमका एका पातळीवर येतात आणि विमान पहिल्यांदा विमानासारखं दिसतं. बाटली नीट ढवळा, मॅट करणारी पावडर तळाशी बसते. न ढवळता मारलं तर पांढरट पापुद्रा येतो. फार दमट दिवशी हे काम पुढे ढकला.

मळ आणि झीज

इथे माझा एकच आग्रह आहे: रंग कशावरून निघाला आहे हे माहीत असल्याशिवाय चंदेरी पेन्सिल उचलू नका. मॉस्किटो हे विमान लाकडाचं होतं. त्याच्या पंखांवर चंदेरी ओरखडे काढले तर जो धातू तिथे नव्हताच तो दाखवला जातो. हरिकेनच्या धडाचा मागचा भाग कापडाने मढवलेला होता, आणि त्या काळच्या अनेक धातूच्या विमानांचेही रडर आणि एलेव्हेटर (आडव्या शेपटीचे हलते भाग) कापडाचेच. चंदेरी झीज जिथे बूट आणि हत्यारं लागायची तिथेच शोभते: पंखाच्या मुळाशी वैमानिक चढतो त्या जागी, इंजिनाच्या झाकणांच्या पेचांभोवती, पंखांच्या पुढच्या कडेवर. स्पंजचा लहान तुकडा रंगात बुडवून, जवळजवळ कोरडा करून टेकवला की बारीक अनियमित ठिपके मिळतात.

एक्झॉस्टच्या, म्हणजे इंजिनाच्या धुराच्या, डागासाठी अतिशय पातळ तपकिरी एअरब्रशने कमी दाबावर मागे ओढा. मग मधोमध अरुंद गडद रेघ, आणि छायाचित्रात दिसत असेल तर आत फिकट करडी. तेलाच्या रेघांसाठी ऑइल कलरचा टाचणीच्या टोकाएवढा ठिपका ठेवा आणि व्हाइट स्पिरिटने जेमतेम ओलावलेल्या ब्रशने मागे ओढा. प्रत्येक डागाला उगम असावा: झाकण, सांधा, टाकीचं तोंड. हवेतून उगवलेला डाग लगेच खोटा वाटतो. मूळ विमानाचं छायाचित्र समोर ठेवा, आणि वाटतं त्याच्या अर्ध्यावर थांबा.

सगळं वाळल्यावर कॅनॉपीची टेप काढायची. पात्याचं टोक पट्टीच्या कोपऱ्याखाली अलगद घाला आणि काचेला न टेकता चिमट्याने वर ओढा. कडेला रंग शिरला असेल तर थिनर लावू नका, काच धुरकट होते. लाकडी काडीचं टोक छिनीसारखं कापून त्याने खरवडा. पंखांच्या टोकांच्या दिव्यांवर आधी चंदेरी ठिपका, त्यावर पारदर्शक रंग: वैमानिकाच्या डाव्या हाताला लाल, उजव्या हाताला हिरवा. अँटेना आणि पिटो नळी (वेग मोजण्यासाठीची बाहेर आलेली बारीक नळी) सगळ्यात शेवटी चिकटवा. त्या आधी लावल्या तर कधीतरी बाहीत अडकून तुटतातच.